घरच्या घरी संगणकाचे स्पीकर : आठवी ते दहावीसाठी एक प्रकल्प-पाठ



आमची शाळा गिरगावातली, मराठी माध्यमाची. संगणक कक्षातली यंत्रं जुनी आहेत, पण चालतात. स्पीकर मात्र एकाचेही धड नव्हते. कुणाची वायर तुटलेली, कुणाचा एकच डबा वाजणारा. इंग्रजी श्रवणाच्या तासाला मुलं एका मोबाईलभोवती डोकी खुपसून बसायची. तेही चालवून घेतलं असतं. पण नववीत एक मुलगा आला, त्याला डोळ्यांनी अगदी थोडं दिसतं. त्याच्यासाठी आम्ही एनव्हीडीए हे मोफत वाचक सॉफ्टवेअर बसवलं. पडद्यावरचा मजकूर ते मोठ्याने वाचतं, मराठीसुद्धा वाचतं. हेडफोन लावला तर त्याला संगणक ऐकू यायचा, पण बाई काय म्हणतायत ते ऐकू यायचं नाही. एका कानात एक आणि दुसऱ्या कानात दुसरं, असं करून तो दमून जायचा. त्याला बाकावर ठेवता येतील असे, हळू पण स्वच्छ बोलणारे स्पीकर हवे होते.

विकत आणता आले असते. एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी माझ्यावर रागवायला नको : स्वस्तात पडतात म्हणून घरी स्पीकर बनवू नका. आमच्या जोडीचा खर्च पाचशेच्या आत बसला, आणि तेवढ्यात बाजारात प्लॅस्टिकची एखादी जोडी मिळून जाते. आम्ही बनवले, कारण आठवी-नववीचा ध्वनी, दहावीचे विद्युतधारेचे परिणाम आणि गणितातलं घनफळ असे तीन धडे या एका डब्यात बसतात. दुसरं कारण म्हणजे डब्याचं गिऱ्हाईक वर्गातच बसलेलं होतं. चांगलं झालं की नाही, हे तोच सांगणार होता.

आधी कागदी पेला

थेट बाजारात धावू नका. पहिला तास कागदी पेल्याचा. ३६ गेजची, वर इनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार सुमारे ७ मीटर घ्या. अडीच सेंटीमीटर व्यासाच्या नळीवर तिचे साधारण ९० वेढे बसतात. वेढे नळीवरून अलगद काढून पेल्याच्या बुडाला बाहेरून चिकटवा. तारेची दोन्ही टोकं काचकागदाने घासून लेप काढा, हे मुलं हमखास विसरतात आणि मग "बाई, चालत नाही" सुरू होतं. त्या तारेचा रोध ४ ओहमच्या आसपास येतो. तो आधी पाठ्यपुस्तकातल्या सूत्राने काढायला लावा, मग मल्टिमीटरने मोजायला लावा. दोन्ही आकडे जवळ आले की वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो.

वेढ्यांजवळ एक चांगला चुंबक धरा आणि टोकं छोट्या अँप्लिफायरला जोडा. पेला गाऊ लागतो. आवाज बारीक येतो, पण येतो. ओर्स्टेडने १८२० साली विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलताना पाहिली, त्याच गोष्टीची ही उलटी बाजू : चुंबक जागच्या जागी आणि तार हलते. प्रवाह सेकंदाला चारशे वेळा उलटसुलट झाला, तर पेल्याचं बूड चारशे वेळा पुढेमागे होतं. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम मुलांना मोटारीपुरताच माहीत असतो. इथे तो कानाने ऐकता येतो.

आज आपण वापरतो तो हलत्या वेटोळ्याचा स्पीकर अमेरिकेत राईस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ साली मांडला. मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, म्हणजे त्यानंतर दोनच वर्षांनी. शंभर वर्षांत कागद, गोंद आणि चुंबक सुधारले, पण आतली युक्ती तीच राहिली. मुलांना हे सांगितलं की त्यांना जुन्या वस्तू उघडून बघायचा हुरूप येतो. घरच्यांना मात्र त्याचा थोडा त्रास होतो.

लॅमिंग्टन रोडची फेरी

आम्हा गिरगावकरांचं एक भाग्य आहे. सुट्या भागांचा एवढा मोठा बाजार शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलण्यात लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलात की पाच-सात मिनिटांत पोचता. परळ, दादरकडच्या शाळांनाही लांब नाही. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. पाच-सहापेक्षा जास्त मुलं एका वेळी नेऊ नका, फूटपाथ आधीच भरलेले असतात.

मुलांना यादी लिहून न्यायला लावा आणि दुकानदाराशी त्यांनाच बोलू द्या. आम्ही घेतलेलं सामान असं : ३ इंची, ४ ओहमचे, ३ वॉटचे दोन स्पीकर (म्हणजे नुसते शंकू, पेटी नाही), पीएएम ८४०३ या चिपचा छोटा अँप्लिफायर बोर्ड, साडेतीन मिलिमीटरचा स्टिरिओ जॅक वायरसकट, आणि थोडी सोल्डरची तार. स्पीकरची वायर लोहार चाळीतून आणली. (लोहार चाळीत लोहार नाहीत आणि सुतार चाळीत सुतार नाहीत, यावर मुलांनी परतीच्या वाटेवर भरपूर विनोद केले.) प्लायचे तुकडे एका पालकांच्या ओळखीच्या सुताराकडून मिळाले, फुकट.

दुकानातच एक धडा झाला. मल्टिमीटर सोबत नेला होता. एका मुलाने ४ ओहम लिहिलेला स्पीकर मोजला तर साडेतीनच्याही खाली आकडा. तो दुकानदाराला म्हणाला, "काका, हा खराब आहे." काकांनी दुसरा दिला, तिसरा दिला, सगळ्यांचं तेच. मग त्यांनी हिंदी-मराठी-गुजराती अशा मिसळीत समजावलं की मीटर बॅटरीवर मोजतो, गाणं बॅटरीसारखं सरळ नसतं. बरोबरच होतं त्यांचं. मल्टिमीटर तारेचा निव्वळ रोध दाखवतो. स्पीकरवर लिहिलेला आकडा हा उलटसुलट प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा ढोबळ आकडा असतो, आणि तो नेहमी थोडा जास्तच असतो. मी हे फळ्यावर शिकवलं असतं तर परीक्षेपर्यंतच टिकलं असतं.

उघडा स्पीकर असा चिरका का वाजतो?

शाळेत आल्यावर नुसता शंकू जोडून वाजवला. मुलांची तोंडं उतरली. आवाज चिरका आणि पोकळ, तबला तर नाहीच. "फसवलं बाई आपल्याला," असं एकाने जाहीर केलं.

मग फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घेतला, मधोमध शंकूच्या मापाचं भोक पाडलं आणि शंकू तिथे दाबून धरला. तबला आला! पुठ्ठा काढला, गेला. पुन्हा धरला, आला. हे प्रात्यक्षिक प्रत्येक मुलाला स्वतःच्या हाताने करू द्या. अर्धा तास गेला तरी चालेल.

कारण असं. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढची दाबलेली हवा कडेवरून मागे घसरते आणि दोन्ही एकमेकींना खोडून टाकतात. हे सगळ्या सुरांना सारखं लागू होत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर १०० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी ३.४ मीटर, आणि ३४०० हर्ट्झच्या तारस्वराची फक्त १० सेंटीमीटर. साडेसात सेंटीमीटरच्या शंकूला वळसा घालणं ३.४ मीटरच्या लाटेला काहीच नाही. बारीक लाटेला मात्र ते जमत नाही, ती सरळ पुढे जाते. म्हणून चिरका भाग उरतो आणि खर्ज मरतो. पुठ्ठा म्हणजे मधली भिंत. बंद पेटी म्हणजे तीच भिंत चारही बाजूंनी मागे दुमडलेली.

तरंगलांबीचं सूत्र वर्षानुवर्षं शिकवते आहे. ते वापरून कुणी एखाद्या गोष्टीचं कारण शोधलंय, असं वर्गात त्या दिवशी पहिल्यांदा झालं. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

पेटीचा हिशोब

आम्ही आतली जागा ठरवली ती अशी : रुंदी १० सेंमी, खोली ९ सेंमी, उंची १६ सेंमी. घनफळ १४४० घन सेंमी, म्हणजे जवळजवळ दीड लिटर. ३ इंची छोट्या शंकूला एवढी हवा पुरते. प्लाय १२ मिलिमीटरचा.

आता मुलांना विचारा : तुकडे कोणत्या मापाचे कापायचे? आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी १० बाय १६ चे पुढचे-मागचे तुकडे सांगितले. म्हणजे प्लायला जाडी असते हे ते विसरले. कागदावरच्या घनाला जाडी नसते ना! मी काही बोलले नाही. जाड पुठ्ठ्याचे तुकडे त्याच मापाने कापायला दिले आणि जोडायला सांगितलं. पेटी जुळेना. मग आपोआप वह्या उघडल्या.

बरोबर मापं अशी येतात. पुढचा आणि मागचा तुकडा १२.४ बाय १८.४ सेंमी, दोन्ही बाजू ९ बाय १८.४, वरचा आणि खालचा १० बाय ९. एका पेटीला सहा, जोडीला बारा तुकडे. बाहेरून पेटी १२.४ बाय ११.४ बाय १८.४, म्हणजे सुमारे २६०० घन सेंमी. आत हवा फक्त १४४०! बाकी सगळं लाकूड, शेकडा जवळजवळ ४५. एका मुलीने हे लाकूड सहा तुकड्यांच्या घनफळांची बेरीज करूनही काढलं आणि ११६१ घन सेंमी हाच आकडा आला, तेव्हा ती फळ्याजवळून हलेना.

ही मुलगी लालबागहून येते. तिच्या आजोबांची गिरणीतली एक कानस तिने घरून आणली होती, आणि भोकांच्या कडा तिनेच घासून गोल केल्या. तिच्याबद्दल पुढे आणखी सांगायचं आहे.

कापणं सुताराकडून करून घ्या, गोल भोकसुद्धा. करवत मुलांच्या हाती देण्याचा हट्ट धरू नका. जोडायला फेव्हिकॉल, रात्रभर दोरीने आवळून ठेवायचं. वायर बाहेर येते ते भोक एम-सीलने बुजवायचं. पेटीत जुन्या उशीचा कापूस सैलसर पिंजून भरा. त्याने आतल्या आत होणारा घुमारा कमी होतो आणि पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते. ठासून मात्र भरू नका, आणि कापूस शंकूला टेकू देऊ नका.

पेटी कुठे गळते का, हे बघायची आमची युक्ती : ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमधून ६० हर्ट्झचा सूर वाजवायचा आणि पेटवलेली उदबत्ती सांध्यांजवळून फिरवायची. जिथे फट आहे तिथे धूर थरथरतो. आमच्या पहिल्या पेटीला दोन फटी निघाल्या. एका कोपऱ्यात तर पेन्सिलीचं टोक जात होतं, आणि आम्ही त्यावर रंग दिलेला होता.

माझी चूक

आता जोडणी. पीएएम ८४०३ च्या बोर्डवर डाव्या स्पीकरसाठी अधिक-उणे आणि उजव्यासाठी अधिक-उणे अशा चार जागा असतात. याशिवाय ५ व्होल्टचे अधिक-उणे, आणि जॅककडून येणाऱ्या तीन तारांच्या जागा : डावी, उजवी आणि मधली सामाईक.

हेडफोनच्या जॅकमध्ये दोन्ही कानांची उणे तार एकच असते. तेव्हा मी वर्गाला सांगितलं की दोन्ही स्पीकरच्या उणे तारा एकत्र करून बोर्डाच्या उण्याला जोडा, तेवढीच वायर वाचेल. लालबागची ती मुलगी म्हणाली, "बाई, एकच असेल तर मग दोन उणे वेगळे कशाला दिलेत?" प्रश्न चांगला होता. मी म्हटलं, "सोयीसाठी गं. जोड तू." वेळ कमी होता, तास संपत आला होता, वगैरे वगैरे. तिने जोडलं. आवाज फाटका आला, दहा-पंधरा सेकंदांत चिप तापली, एकाने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग आवाजच गेला. तो बोर्ड पुन्हा कधी बोलला नाही.

मुलं तिच्याकडे बघायला लागली, कारण सोल्डर तिच्या हातचं होतं. आणि मी, खरं सांगते, त्या क्षणी गप्प राहिले. "सांधा नीट झाला नसेल" असं पुटपुटलेसुद्धा.

घरी जाऊन त्या चिपची माहितीपत्रिका वाचली. या चिपमध्ये स्पीकरची उणे तार ही उणे नसतेच. दोन्ही तारा जिवंत असतात. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. लाकूड कापणारे दोन सुतार मोठी करवत कशी चालवतात, एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो, तसं. त्यातली एक मूठ आपण भिंतीला बांधून टाकली तर काय होईल? तेच मी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्याबरोबर वर्गासमोर सांगितलं की चूक माझी होती, सांधा चांगला होता, आणि प्रश्न विचारणारीचं बरोबर होतं. तिने मान खाली घातली. मधल्या सुट्टीत येऊन एवढंच म्हणाली, "बाई, मला रात्री झोपच आली नव्हती. बोर्ड मी जाळला असं वाटत होतं." बोर्ड चाळीस-पन्नास रुपयांचा. माझ्या गप्प बसण्याने तिच्या रात्रीचं काय केलं, ते मला मोजता आलं नाही.

तेव्हा तुम्ही जोडणी करताना चारही तारा वेगवेगळ्या ठेवा. उणे उण्याला नाही, आणि बोर्डाच्या उण्यालाही नाही.

आणि हा प्रश्न दहावीच्या गणितात घ्या. एक तार स्थिर असती, तर ५ व्होल्टवर शंकूला मधल्या पातळीपासून वर-खाली जास्तीत जास्त अडीच व्होल्ट मिळाले असते. २.५ चा वर्ग भागिले दोनदा ४, म्हणजे ०.७८ वॉट. दोन्ही तारा हलत्या असल्या की टोकाला ५ व्होल्ट मिळतात : २५ भागिले ८, म्हणजे ३.१ वॉट. चौपट! बोर्डवर ३ वॉट का लिहितात, ते इथे उलगडतं.

३ वॉट खरे किती?

पण थांबा. जुन्या पद्धतीच्या यूएसबी खाचेतून ५ व्होल्टला जास्तीत जास्त ०.५ अँपिअर मिळतात, म्हणजे अडीच वॉट. मग दोन स्पीकरचे मिळून ६ वॉट येणार कुठून? मुलांना हे स्वतः सापडू द्या. सापडल्यावर त्यांना बाजारातल्या खोक्यांवरचे 'पीएमपीओ' चे हजार-दोन हजार वॉटचे आकडे दाखवा आणि मागे लावलेल्या अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर गुणायला सांगा. त्या संध्याकाळी चार घरांतल्या जुन्या डब्यांची अब्रू गेली.

मग आपल्याला किती वॉट हवे आहेत? हा खरा प्रश्न. समजा छोटा शंकू १ वॉटला एक मीटरवर ८४ डेसिबल आवाज देतो. बाकावर तो कानापासून ६० सेंमीवर असतो, तिथे सुमारे ८८. शक्ती दहापट कमी केली की १० डेसिबल कमी. म्हणजे एक शतांश वॉटला ६८ डेसिबल, साधारण समोरासमोर बोलण्याएवढा. ३ वॉटची गरजच कुठे आली!

अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने घटतो. ६० सेंमीवर जे ऐकू येतं तेच ४.८ मीटरवर ऐकवायचं, तर अंतर तीनदा दुप्पट झालं, १८ डेसिबल भरून काढायचे, म्हणजे शक्ती सुमारे ६४ पट. (खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमी लागते.) म्हणून बाकावरचा छोटा स्पीकर पलीकडच्या वर्गाला त्रास न देता काम करतो.

एकाच वेळी पुढे, एकाच वेळी मागे

दोन्ही शंकू एकाच वेळी पुढे आले पाहिजेत. दीड व्होल्टचा सेल शंकूच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. शंकू बाहेर उसळला, तर सेलचं अधिक ज्या टोकाला होतं ते शंकूचं अधिक. तिथे लाल ठिपका द्या. आम्ही मुद्दाम एका पेटीची तार उलटी जोडून दाखवली : बोलणाऱ्याचा आवाज समोरून यायच्या ऐवजी कुठून येतोय तेच कळेना आणि खर्ज पातळ झाला. कमी दिसणाऱ्या त्या मुलाने हे सगळ्यांच्या आधी ओळखलं. बाकीचे अजून विचार करत होते, तेव्हा तो म्हणाला, "उलटं लावलंय तुम्ही. माणूस समोर नाहीये." त्यानंतर दोन्ही पेट्यांची जागा आणि कोन त्यानेच ठरवले. डोकं आणि दोन पेट्या मिळून समभुज त्रिकोण व्हावा, असं मी सांगायच्या आत त्याने पेट्या साधारण तशाच ठेवल्या होत्या.

जुना, मोठ्या पोटाचा मॉनिटर अजून वापरात असेल तर पेट्या त्याला चिकटवू नका. चुंबकाने पडद्यावर रंगांचे डाग उमटतात. सपाट पडद्याला ही भीती नाही.

घरघर ही आमची शेवटची डोकेदुखी होती. संगणकाच्या यूएसबी खाचेतून वीज आणि त्याच संगणकाच्या जॅकमधून आवाज घेतला की पाठीमागे बारीक किरकिर ऐकू यायची, माउस हलवला की वाढायची. वीज मोबाईलच्या चार्जरवरून घेतल्यावर तीन संगणकांवर ती गेली. एकावर उलट गुणगुण वाढली, तिथे पॉवर बँक लावली. पॉवर बँक कमी आवाजात मधूनच स्वतःहून बंद पडते, त्यामुळे हा उपाय अर्धाच आहे. कुणाला याहून साधा उपाय ठाऊक असेल तर जरूर कळवा.

पालकांसाठी थोडं

सगळं काम ५ व्होल्टवर चालतं, त्यात झटका बसत नाही. २३० व्होल्टशी संबंध फक्त चार्जरचा आणि सोल्डरिंग आयर्नचा, आणि ती दोन्ही मोठ्यांनी लावायची. आयर्न २५ वॉटची पुरते. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात जाऊ देऊ नका, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू देऊ नका, कारण नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. चाळीतल्या एका खोलीत घर असेल तर हे काम रात्री काढू नका. पार्टिशनच्या पलीकडे कुणीतरी झोपलेलं असतं.

आणि आवाजाचं. आपली मुलं लालबाग-परळ-गिरगावात वाढतात. केशवजी नाईक चाळीचा गणपती १८९३ पासूनचा, लालबागचा राजा १९३४ पासूनचा, त्या दहा-अकरा दिवसांचा आनंद कुणी हिरावून घ्यायचा नाही. पण स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहण्यात मर्दुमकी आहे असं मुलांना वाटतं, तेव्हा त्यांना या प्रकल्पातले डेसिबल आठवून द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, शाळा-रुग्णालयांच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०. परळला केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं किती जवळ जवळ आहेत ते नकाशावर बघा आणि प्रत्येकाभोवती १०० मीटरचं वर्तुळ काढायला सांगा. आमच्या वर्गात हे काढताना एक मुलगा म्हणाला, "बाई, आमचं मंडळ आतच येतं की." मग त्याने वही मिटून दप्तरात टाकली. घरी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

वेळेचा अंदाज हवा असेल तर : आम्हाला आठ तास लागले, त्यातला एक जळलेल्या बोर्डाचा. तुम्ही सातात कराल. पेल्याचा तास आणि पुठ्ठ्याचा तास जोडून ठेवा, मध्ये सुट्टी आली की मुलं विसरतात. जोडणीचा तास शनिवारी ठेवू नका. शेवटची घंटा लवकर होते आणि घाईत माझ्यासारखं होतं.

पहिली जोडी आता त्या मुलाच्या बाकावर आहे. दुसरी बनवायला घेतली आहे. तिची जोडणी लालबागची ती मुलगी करते आहे आणि आठवीच्या चौघांना शिकवते आहे. काल बघितलं तर चारही तारांना चार वेगळे रंग होते.